गळपट्टा

आधी गरुडच वाटला.
अंतिसानाच्या उतारावर ते पुष्कळ असतात,
आखूड शेपटीचे, त्रिकोणी पंखांचे,
आणि अंतर जोखायला ह्या पारामोवर
गवताखेरीज काही नाही.
मग खराखुरा गरुड त्याच्या खालून गेला
आणि चिमणीएवढा झाला.

बोटं थंडीने कामातून गेलेली.
वही कोपराने दाबून धरली.
पंख सपाट, फळीसारखे. हेलकावा नाही.
टोकाची पिसं सुटी, पंजा फाकवावा तशी;
डावीकडचं एक कमी.
अकरा मिनिटं झाली, पंख एकदाही हलला नाही.

"काँडोर," मी म्हणाले.
"ते मेंढ्यांनीच सांगितलं, हेर्मिनिया," ताइता मागून म्हणाला.
"गळपट्टा आहे का?"

पाच वर्षांपूर्वी त्याने मेलेल्या कोकरात विष भरलं होतं.
मोकाट कुत्र्यांसाठी. तीन रात्रींत नऊ मेंढ्या गेल्या होत्या.
कुत्री फिरकलीच नाहीत.
ओढ्याकाठी मादी पडली होती, लाल डोळे उघडे,
पलीकडे तुऱ्याचा नर.
ताइताने अंगावरचा पोंचो काढून तिच्यावर टाकला.
पुरला नाही.
माझाही टाकला. तरी पिसांची टोकं बाहेर.
वर कड्याच्या कपारीत पिलू होतं, वर्षाचं.
त्याच्याविषयी घरात कुणी बोललं नाही.

वारा फिरला. पक्षी कलला.
डोकं उन्हात आलं: तुरा नाही.
म्हणजे ती.
जाणतीच्या पाठीवर पांढरं लखलखतं;
हिच्या पंखांवर राखाडी, ओल्या फडक्याने पुसल्यासारखं.
अंग अजून तपकिरी.
आणि मानेशी, थांब,
मळकट, चुरगळलेलं काहीतरी,
न धुतलेल्या लोकरीच्या कातरणीसारखं.

"येतोय," मी म्हणाले.
"काय येतोय?"
"गळपट्टा. पांढरा व्हायला लागलाय."

ताइता बोटं मोडून मोजू लागला.
एक हात संपला.
मग दुसऱ्या हाताचा अंगठा
मुठीत धरून बसून राहिला.

सावली गवतावरून आली,
त्याच्या गुडघ्यांवर चढली, टोपीवरून उतरली.
तो हलला नाही.

तक्त्यात जातीपुढे मी 'निश्चित' लिहिलं.
खाली अजून एक रकाना होता:
पूर्वी पाहिलेला पक्षी आहे का?
'बहुधा' लिहिलं,
आणि त्याने वाचायच्या आत
वही मिटली.