बहात्तरास एक

गोल्डन, कोलोराडो. गॅरेजातला हीटर एकाच बाजूने तापतो,
म्हणून ऑर्विल टेश डावा खांदा भाजत
उजवा गोठवत बसलेला.
भिंगाखाली प्लास्टिकची नळी, कानस, दाढीचं जुनं पातं.

कुठलंही विमान करताना तो आधी वैमानिक रंगवतो.
तांदळाएवढा चेहरा, त्यावर
एका केसाच्या कुंचल्याने दोन डोळे.
मग त्याला म्हणतो, "चल, तुला घरी आणायची जबाबदारी माझी."
या वेळी कुंचला कोरडाच राहिला.
कॉकपिट नाही. खिडकी नाही. चाकंही नाहीत:
ज्याला उतरायचंच नव्हतं
त्याला चाकं कशाला?

पोटाखाली हवा गिळायला जबडा, मधोमध अणुभट्टी,
मागे भोक. संपलं यंत्र. फिरणारं काही नाही.
झाडांच्या शेंड्यांवरून, आवाजाच्या तिप्पट,
दिवसचे दिवस, न थकता,
आणि मागे जे सांडेल ते सांडेल.
हे सगळं कागदावर. नेवाडाच्या वाळवंटात पेटलं ते नुसतं इंजिन,
रुळांवर जखडलेलं, काही मिनिटं. मग फाईल मिटली.

रंग कोणता द्यायचा?
आयडाहोतल्या लेस्टर क्वेडला फोन केला.
"राखाडी असेल."
"कशावरून?"
"तेव्हा सगळं राखाडीच होतं की रे."

व्हर्ना तेव्हा बावीसची, नळ्या तपासायच्या टेबलावर.
सहा कडांच्या, पेन्सिलीएवढ्या, खडूसारख्या पांढऱ्या.
एकेक उजेडाला धरून आरपार बघायची.
कशासाठी, ते कुणी सांगितलं नव्हतं;
तिला वाटायचं, सूतगिरणीचं काहीतरी.
घरी येऊन म्हणायची,
"आज सातशे वेळा तीच खिडकी बघितली."
खूप वर्षांनी कळलं तेव्हा ती भांडी घासत होती.
हात थांबले नाहीत.
"वाकडी एकही जाऊ दिली नाही मी," एवढंच म्हणाली.
अभिमान होता की दुसरं काही,
ऑर्विलने तेव्हा विचारलं नाही.
आता विचारायला ती नाही.

भट्टी भरायला शीतपेयाच्या नळ्या कापून ठेवल्या होत्या.
चिकटवण्याआधी त्याने सांगाडा उचलला, डोळ्याला लावला:
बर्फ, शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा,
गोल चौकटीतली खिडकी.
नळ्या डब्यात परत गेल्या.

प्वेब्लोच्या स्पर्धेत परीक्षकबाई टॉर्च घेऊन वाकल्या.
डोलोरेस हॅगर्टी, नियमांना पक्क्या.
"भट्टी रिकामी आहे. आणि मिस्टर टेश,
याला चाकं होती कुठे?"
तीन होती, मोडक्या सेसनाची,
मोहरीपेक्षा जेमतेम मोठी.
"ठाऊक आहे," तो म्हणाला.
दोन्हींचे गुण कापले गेले.

परतीच्या वाटेवर शेजारच्या सीटवर खोकं,
त्याला पट्टा बांधलेला.
वळणावर ऑर्विलचा उजवा हात
सवयीने आडवा गेला.