तिसरा गुरुवार

डुलूथमध्ये जानेवारीत सरोवर आवाज करतं.
बर्फ आतून तडकतो, मोठा वासा मोडावा तसा,
आणि ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही सहा जण
बोलता बोलता थांबतो.

दर महिन्याचा तिसरा गुरुवार.
कॉफी डेल्फीनच्या थर्मासमधली,
वेलदोड्याचा पाव टूलाच्या भट्टीतला.
याउपर कुणी कुणाला काही द्यायचं नाही,
हा पहिला नियम.
सल्लाही नाही,
हा दुसरा.
फक्त विचारायचं.

एरवी आम्ही देतच असतो.
म्हणजे दुसऱ्यांचे पैसे देतो:
कधीच मेलेल्या लाकूड-व्यापाऱ्याचे, खाणमालकाच्या तीन पिढ्यांचे,
आणि एका बाईचे, जिनं कुणाला न सांगता
आयुष्यभर शेअर घेतले
आणि फाटके हातमोजे रफू करून वापरले.
सह्या तेवढ्या आमच्या.

या खुर्चीत बसल्यापासून
माझे विनोद फार सुधारलेत.
सगळे हसतात.
एका सभेत मी चुकीचा आकडा सांगितला,
धडधडीत चुकीचा,
तर चौदा माणसांनी तो खाली मान घालून लिहून घेतला.
धर्माच्या गाईचे दात कोण मोजणार!
म्हणून इथे येतो.
या पाच जणांना माझ्याकडून छदाम नको आहे.

काल ऑरिनची पाळी होती.
त्यानं खिशातून कागद काढला, घडीवर झिजलेला.
"हे मी पाठवलं होतं," म्हणाला, "बोटशाळेला."
रेल्वे-यार्डामागची ती शेड.
तिथे मार्नी नावाची एक सुतारीण
शाळेनं काढून टाकलेल्या पोरांना
देवदाराच्या फळ्या वाफेवर वाकवायला शिकवायची.
अर्जात सातवा रकाना कोरा होता:
परिणाम कसा मोजणार?
ऑक्टोबरात शेडला कुलूप लागलं.

आम्हाला किती काय सांगायचं होतं!
टूलाच्या ओठांवर तर अख्खी योजना तयार,
तारखांसकट.
तिनं पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला
आणि चावत राहिली.

मग डेल्फीन, जिच्या माणसांनी या सरोवराला
आमच्या नकाशांच्या कितीतरी आधी नाव दिलं होतं,
तिनं विचारलं,
"पत्र तू लिहिलंस?"
"नमुना आहे. नाव बदलतो फक्त."
"सही?"
"शिक्का."
"आत कधी गेला होतास?"

बाहेर पुन्हा तडकलं काहीतरी.

"आत नाही," ऑरिन म्हणाला.
"एकदा गाडीतून पाहिलं होतं. दार उघडं होतं.
एक पोरगा फळीवर सगळं वजन टाकून उभा होता.
मला वाटलं, आता मोडते."
"मोडली?"
"सिग्नल सुटला."

एवढंच झालं काल.
कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही.
त्यानं कागद पुन्हा घडी केला, त्याच जुन्या घडीवर,
आणि कप स्वतःचा स्वतः विसळला.

रात्री उणे बावीस.
पार्किंगमध्ये त्याची गाडी नुसतीच खोकत होती.
मी माझ्या बॅटरीच्या तारा काढल्या.
"पहिला नियम," तो म्हणाला.
"दाराच्या आतला आहे तो," मी म्हणालो.
लाल चिमटा लालला, काळा काळ्याला,
बोटं बधिर, दोघांच्या तोंडातून वाफ.
"सातवा रकाना," त्यानं मध्येच विचारलं,
"तू भरू शकला असतास?"

मी बॉनेटखाली वाकून राहिलो,
जणू तिथे अजून काही जोडायचं बाकी होतं.
आमच्याही अर्जात तो रकाना आहे.
आमच्याकडे तो नववा.
मीच घातलेला.

गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली.
पुढच्या महिन्यात माझी पाळी.