दोन डावे

लिंबराजच्या होडीला डोलकाठी हवी होती.
शिडाची नव्हे, उजनीत शीड कोण लावतो.
नुसता साडेसहा फुटी खांब, नाळेपाशी,
शेंड्याला दोन कप्प्या,
कप्प्यांतून दोन दोऱ्या, दोऱ्यांना दोन फळ्या:
एक डावीकडं पळणार, एक उजवीकडं,
होडी मधनं सरळ.
दोरीवर चिमटे, चिमट्यांत गळाचे धागे.
गळ होडीपासनं तीस-तीस हात लांब चालतात
आणि शिवड्याला कळत नाही
कोण ओढतंय.

हे त्याला कुणी शिकवलं, सांगत नाही.
मला एवढंच म्हणाला,
जॉबर, तू लोखंडाचा माणूस की बे.

लोखंड होतंच.
अक्कलकोट रोडचं शेड रिकामं झालं,
माग किलोवर गेले,
तेव्हा थकलेल्या पगारापोटी मी उचलून आणलेला
कापड गुंडाळायचा रोल.
एकोणीस वर्षं त्याच्यावर टॉवेल चढले, उतरले.
टोकाचं बूच काढलं तर आतनं
मूठभर तूस निघालं, गुलाबी.
कुठल्या ऑर्डरचं, तेही आठवलं.

इरण्णा वेल्डरनं बुडाला ट्रकच्या पाट्याचा तुकडा जोडला.
काय गाजुल, टीव्हीचा अँटेना का?
हो म्हणालो. समुद्रातलं चॅनेल बघायचंय.
कप्प्या मागाच्याच,
चिमटे बायकोच्या दोरीवरचे, सहा,
ती मोजून देते आणि मोजून परत मागते.
फळ्या खोक्याच्या देवदाराच्या,
तोंड तिरकं कापलेलं,
खालच्या कडेला शिशाची पट्टी,
वर नारिंगी ऑइलपेंट दोन हात.

एसटीच्या टपावर खांब, टेंभुर्णीपर्यंत.
कंडक्टरनं त्याचं तिकीट फाडलं.
पुढं जीप,
मग केळीच्या बागांमधनं खांद्यावर,
वांगी नंबर दोनच्या काठापर्यंत.

पत्र्याची होडी. चार बोल्ट. रबराचा वायसर.
खांब उभा राहिला, जरा वाकडा,
लिंबराजनं डोळा मिटून बघितलं, म्हणाला,
सरळ आहे, होडी वाकडी आहे.

इंजिन हळू. फळ्या सोडल्या.
डावी निघाली डावीकडं, पाणी कापत, शहाण्यासारखी.
उजवीही निघाली
डावीकडं.
होडीखालनं गेली, दोरी पंख्याकडं,
इंजिन बंद, शिव्या चालू.

मी फळ्या मांडीवर घेऊन बसलो.
एकावर एक ठेवल्या. हुबेहूब.
छापा एक, कापणी एक.
तीस वर्षं मी मागाची डावी बाजू, उजवी बाजू लावली,
अंधारात, लाइट गेल्यावर, हातानं चाचपून,
आणि इथं दोन डावे हात करून आणले.

लिंबराज काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं मोठ्या आवाजाचं असतं.

मग एकीचं शिसं काढलं,
फळी उलथी केली,
वरच्या कडेची खालची कड झाली.
खिळा ठोकायला दगड.
आणि ती गेली.
गेली उजवीकडं, दोरी ताणत ताणत,
नारिंगी, लहान लहान होत.

धोटा असा जायचा.
पण धोटा परत यायचा, मिनिटाला शंभरदा, खटखटत,
म्हणून कापड व्हायचं.
ह्या दोघी गेल्या त्या गेल्या,
मधे नुसतं पाणी विणायचं राहिलेलं.

ऊन कलेपर्यंत काही नाही.
लिंबराज तंबाखू मळत होता.
मग उजवीकडं, तिसरा चिमटा:
टक.

मी उठलोच.
पाय आपोआप ब्रेकवर गेला, नसलेल्या.
धागा सुटला की माग थांबवायचा,
थांबवून गाठ मारायची,
सुटलेला प्रत्येक धागा म्हणजे फट, म्हणजे कापलेला पैसा,
असं अंगात मुरलेलं.

थांबवू नको, लिंबराज ओरडला,
अरे सुटू दे, सुटलाय म्हणूनच आलाय,
ओढ!

शिवडा नव्हता. हातभर गुगळी, मिशीवाली,
माझ्याकडं बघत होती
मुकादमासारखी.

चिमटे घरी नेले. पाचच.