कोळशाची कांडी

जस्ताच्या द्रावणात जस्ताचीच पट्टी,
तांब्याच्या द्रावणात तांब्याची.
ती झिजते, ती भरते,
घरचं माणूस घरच्या कामाला.

पण लोह दोन आणि लोह तीन,
दोघेही पाण्यात विरघळलेले,
एक फिकट हिरवा, एक पिवळट,
यांच्यात इलेक्ट्रॉनने ये-जा करायची कशावरून?
खिळा नको, दत्तेश.
खिळा लोखंडाचाच, तो मधे पडेल
आणि भांडणात उतरेल.
क्लोरीनचं तेच, हायड्रोजनचं तेच,
बुडबुड्याला चिमटा कुठे लावणार?
तिथे लागतो असा कुणी
जो वाहून नेतो आणि आपलं काही घालत नाही.

पुस्तकात प्लॅटिनम लिहिलंय.
डिचोलीच्या आमच्या प्रयोगशाळेत
प्लॅटिनम पुस्तकातच आहे.
खिडकीच्या गजांवर मात्र खाणीची धूळ:
लोह तीन, फुकट, पुसावं तितकं.

म्हणून रुझारबाब टॉर्चचे मेलेले सेल फोडतो,
मधली काळी कांडी काढतो,
उकळतो, सँडपेपरने घासतो,
आणि पेन्शनला दोन वर्षं उरलेल्या हातांनी
बिकरमध्ये सरळ उभी करतो.
काटा दीड व्होल्टच्या आसपास थांबतो.

रविवारी त्याच्या बलकांवावर
मुळगावचे कुष्टा आणि घनश्याम येतात.
सख्खे भाऊ, अकरा वर्षं बोलणं नाही.
आजोबांचा कागद पोर्तुगीजमध्ये
आणि वाचता येतं ते एका रुझारबाबाला.
तो एक ओळ वाचतो,
कोंकणीत एकदा डावीकडे सांगतो,
एकदा उजवीकडे.
बांधावरच्या माडापाशी दोघेही
त्याच्याच तोंडाकडे बघतात.
तो चष्मा पुसतो.
"कागदांत इतलेंच आसा."

फी नाही. चहासुद्धा त्याच्याच घरचा.

गेल्या आठवड्यात पाण्याचं विघटन केलं.
धन बाजूच्या कांडीवर ऑक्सिजन सुटत राहिला,
तासाभराने बिकरच्या तळाशी
बोटावर येईल इतकी काजळी.
दत्तेशने हात वर केला:
"मॅडम, निष्क्रिय म्हणाला होता ना?"

मी फळ्यावरचा शब्द पाहिला.
पुसला नाही. पुढे "बहुतेक" लिहिलं,
तेही मग नीट वाटेना.

रुझारबाब बिकर विसळत होता.
कांडी उजेडात धरून बघितली,
अजून दोन बॅचना पुरेल, असं खुणेनेच म्हणाला.
सोमवार होता.
त्याचा घसा पार बसला होता.