ताटातल्या गोळ्या

शिवलिंगव्वाच्या कमरेच्या पिशवीत
तंबाखू, चुना आणि तीन दवाखाने असतात.
गुडघ्याची लाल, जतची.
प्रेशरची पांढरी, लेकीकडे गेली तेव्हाची, विजापूरची.
प्रेशरचीच गुलाबी, मिरजेची. साखरेचीही तिथलीच.
आणि एक सुटी, कागदात गुंडाळलेली,
तिला ती नुसतं ‘छोटी’ म्हणते.

गेल्या महिन्यात दोनदा पडली.
एकदा शेरडांच्या मध्ये,
एकदा बसवण्णाच्या पायरीवर.
वय झालं, म्हणाले सगळे.
मीही तेच लिहिलं असतं रजिस्टरात,
रकाना तेवढाच होता.

पण समोर ताट होतं, भाकरी नुकतीच संपलेलं.
आजीला विचारून पिशवी उपडी केली त्यात.
इतकी वर्षं एका पिशवीत राहून
त्या गोळ्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

वस्तीत रेंज नाही.
उमदीच्या अलीकडे पाण्याची टाकी आहे,
तिच्या शिडीच्या सातव्या पायरीवर दोन काड्या येतात,
आठवीवर जातात.
सातवीवर उभं राहून फोटो पाठवला
जतला, विजापूरला, मिरजेला.

जतहून नुसता अंगठा आला.
विजापूरचे बिरादार डॉक्टर कन्नडमधून बोलले,
ते मी मिरजेला मराठीतून सांगितलं.
मगदूम मॅडम म्हणाल्या, थांबा, जुने रिपोर्ट उघडते.
शिडी गरम झाली होती, मी पाय बदलत राहिले.

आणि सापडलं ते पीरजादेला,
मॅडमच्या दवाखान्याखाली औषधं देणाऱ्या पोराला.
त्यानं फोटो दोन बोटांनी ताणला,
पट्टीमागचं मुंगीएवढं अक्षर वाचलं.
“ताई, पांढरी आणि गुलाबी एकच.
नावं दोन, कंपन्या दोन, औषध एक.
आजी रोज दुप्पट खातेय.”

मग दहा मिनिटं
तीन गावं एका उष्ट्या ताटाभोवती बसली.
बिरादार म्हणाले, माझी बंद करा.
मॅडम म्हणाल्या, गुडघ्याचीही थांबवू, किडनी बघून ठरवू.
जतहून यावेळी अंगठा नाही, फोन आला.

खाली उतरून आजीला सांगितलं.
“यार तप्पु?” तिनं विचारलं. चूक कुणाची?
मी म्हटलं, सगळ्यांचं बरोबरच होतं गं,
फक्त वेगवेगळं बरोबर होतं.
तिला ते पटलं नाही. मलाही पुरतं नाही.

आता ती पडत नाही.
पांढरी पट्टी मात्र लुगड्याच्या गाठीत आहे,
पैसे मोजलेत म्हणते.

छोटीचा पत्ता अजून लागलेला नाही.
फोटो तिघांकडे आहे.
परवा पुन्हा चढणार आहे मी
सातव्या पायरीवर.