ताट

डॉक्टर म्हणाले, शब्द गेले नाहीत,
फक्त त्यांची कपाटं बदललीत.

म्हणून मंगळवारी दिगंबर खुर्चीतून म्हणाला, "ताट काढ,"
आणि मी स्वयंपाकघरात गेले.
ताट घेऊन आले तर तो रागावलेला,
डाव्या हाताचं बोट मोटारसायकलकडे.
"ते. ताट."

महूच्या लिलावात घेतलेली बीएसए,
आम्हा दोघांहून वयाने मोठी,
आठ महिने जिन्याखाली उभी.
उजवा हात गेला, म्हणजे ॲक्सिलरेटर गेला.
उजवा पाय गेला, म्हणजे किक गेली, गिअर गेले.
राहिला डावा हात. क्लचचा.
हा हिशेब मी डिस्चार्जच्या दिवशीच
रिक्षात बसून गुपचूप केला होता.

विम्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं दावे तपासले,
स्क्रू मात्र पहिल्यांदा मोजले,
घुमटासारख्या झाकणाचे, बारके, गंजके.
ते शेवेच्या रिकाम्या डब्यात टाकणार
तर तो खुर्चीत उसळला. "तेल! तेल!"
हा एक शब्द जागच्या जागी होता.

मला कुणी सांगितलंच नव्हतं
की भोवती चेन तेलात डुंबते
आणि मधोमध, झाकणाखाली, क्लच कोरडा.
थेंब गेला की घसरला.
इंदुरात असलं यंत्र उघडायचं
म्हणजे आधी पेट्रोलने हात, मग साबणाने,
आणि शेजारच्या मुंगीबाई कचोरी घेऊन आल्या
तर दारातूनच, नको हो, आज नको.

सहा नट. सहा स्प्रिंगा.
स्प्रिंगांच्या टोप्यांना तो "वाट्या" म्हणाला,
हातात घेतल्या तर खरंच वाट्या,
चटणीपुरत्या.
मग ते ताट निघालं.
एका अंगाला निळं-जांभळं पडलेलं,
टीपॉयच्या काचेवर ठेवलं तर डुगडुगलं.

सियागंजात तीन दुकानांनी हात वर केले,
चौथ्याने लेथवाल्या अश्फाककडे धाडलं.
त्याने प्लेट उन्हात धरली, एक डोळा मिटला,
"दीदी, ये तो गरम हो-हो के मुड़ गई.
घिसने से नहीं होगा, नई बना दूँगा.
भिया खुद नहीं आए?"
मी म्हटलं, घर पे हैं.
त्याने पुढे काही विचारलं नाही.
शनिवार म्हणाला होता, बुधवारी दिली.

बसवताना कळलं, हे एकट्याचं काम नाहीच.
एकाने लिव्हर दाबायचा,
दुसऱ्याने वाकून बघायचं
ताट सगळीकडून सारखं उठतंय का.
खुर्ची हँडलपाशी ओढली.
त्याने दाबलं. वरची कड उठली, खालची चिकटून.
"वर, वर," तो म्हणाला. म्हणजे खाली.
पाव आटा. दाब. सोड.
पाव आटा उलटा. दाब.
दिवे गेले, बॅटरी दातात धरली,
माळव्याची रात्र पाठीवर गार झाली,
आणि तो दाबतच होता.
स्पंजचा चेंडू दाब म्हटलं की
भिंतीकडे तोंड करणारा माणूस.
डावा मिटताना मांडीवरचा उजवाही
किंचित मिटत होता, बोटं आत, पुन्हा बाहेर.
बॅटरीच्या उजेडाच्या काठावर मी ते पाहिलं.
तोंडात बॅटरी होती, ते बरं झालं.

एकदाचं ताट सपाट उठलं,
ताक ढवळताना न सांडावं तसं.
तो म्हणाला, "झोपलं."
जमलं म्हणायचं असेल. मी तसंच धरलं.

उशिरा जेवायला बसलो. कढी, भात.
संपल्यावर त्याने थाळी पुढे सरकवली
आणि स्वच्छ, शेजारी ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला,
"प्रेशर प्लेट."

मी उचलली, घासायला टाकली.
किक उद्या.
ती मलाच मारावी लागणार.