सल्लागार

माझ्या जागी कोण, ते ठरवायला त्यांनी मलाच बोलावलं.
पत्रात ‘सन्माननीय सल्लागार’ लिहिलं होतं
आणि टाचणीने मागे जोडलेला हिशेबाचा धनादेश.
चौदा सामने. अकरा हरलो, दोन बरोबरीत,
एक धुक्याने खाल्ला. तो मी अजून आमच्या बाजूने मोजतो.

कंपूच्या मैदानावरची वरची खोली.
हीटरची एकच दांडी लाल.
टेबलावर राठौरशेठची गजक. तेच संघाचे प्रायोजक,
मुलींच्या छातीवर त्यांच्याच दुकानाचं नाव,
हरताना टीव्हीवर फार स्पष्ट दिसायचं.
दाढेत तीळ अडकलेले असले
की माणसाला गंभीर राहणं जड जातं.

पहिला उमेदवार पडद्यावर आला, परदेशातून.
बाण, वर्तुळं, टक्के.
सात नंबर उशिरा वळते. अकरा नंबर तिसऱ्या सत्रात संपते.
सगळं खरं होतं.
सात नंबर म्हणजे ऋजुता,
पहाटे पाचला मुरारहून सायकल मारत येते,
हे त्याच्या तक्त्यात नव्हतं.
माझ्या तक्त्यात होतं. मग?

दुसरे, निवृत्त सुभेदार निंबाळकर.
‘सहा महिने द्या, शिस्त लावतो.’
समितीच्या माना हलल्या.
हेच वाक्य, याच खोलीत, चार वर्षांपूर्वी
मी बोललो होतो. मला मिशी नव्हती, एवढंच.

तिसरी आली ती बिल्कीस.
हजिऱ्याची, बंद मिलच्या लाइनीत वाढलेली.
डाव्या भुवईवरच्या टाक्यांवरून ओळखलं मी,
ते टाके पडले तेव्हा रिक्षात तिचं डोकं मीच धरलं होतं.
आणि त्याच वर्षी अंतिम सामन्याआधी
मीच तिला बसवलं.
उपांत्य फेरीत गोल समोर उघडा असताना
तिने चेंडू शेजारच्या मुलीला दिला होता.
हॉकी म्हणजे दानधर्म नव्हे, असं म्हणालो होतो मी,
सगळ्यांसमोर.
अंतिम सामना आम्ही जिंकलो, तिच्याशिवाय,
त्यामुळे मी बरोबर ठरलो.
नऊ वर्षं बरोबर होतो.

राठौरशेठनी विचारलं, टीम हारती क्यों है?
ती मराठीतच बोलली, मला कळावं म्हणून असेल,
किंवा मीच शिकवलेली म्हणून.
‘काल सराव बघितला, जाळीच्या बाहेरून.
चेंडू मिळाला की प्रत्येक मुलगी आधी बाकाकडे बघते.
अर्धा क्षण.
तेवढ्यात समोरची पोचते.’

शेठना कुणीतरी हिंदीत समजावून सांगितलं.
माझ्याकडे कुणी बघितलं नाही,
फार काळजीपूर्वक बघितलं नाही.
मला उत्तर द्यायचं होतं. होतंही माझ्याकडे:
बजेट, गुडघे, पूर्वेकडचा बंद फवारा,
तिथे टर्फ कोरडं राहतं आणि चेंडू अडखळतो.
दाढेतला तीळ जिभेने काढत बसलो.

मग चिठ्ठ्या वाटल्या.
पेन उघडलं आणि थांबलो.
ल अर्धा की पूर्ण?
तीन मोसम हजेरीत मी ‘बिलकीश’ लिहीत होतो.
तिने कधी दुरुस्त केलं नाही,
किंवा केलं असेल, मी ऐकलं नसेल.
तिच्या अर्जावरून बघून उतरवलं,
एकेक अक्षर, पहिलीतल्या पोरासारखं.

निकाल सोमवारी. मला कळवतील न कळवतील.

खाली उतरलो तेव्हा किल्ल्यावरचं ऊन जात होतं
आणि मुली आपापल्याच खेळत होत्या.
मी बाकावर गेलो नाही,
गोलजाळीच्या मागे, चुन्याच्या पोत्यांजवळ उभा राहिलो.
ऋजुताला डी-च्या टोकावर चेंडू मिळाला.
तिने मान वळवली.
बाक रिकामा.
मान परत आणली, आणि मारला.

हातभर बाहेर गेला.
मी खिशातली शिट्टी
मुठीत धरून ठेवली.